न मांडलेली खुर्ची

१. प्रश्न

“ज्याला घड्याळ वाचता येत नाही, सुट्टे पैसे मोजता येत नाहीत, त्याला ही बोलण्याची थेरपी कशी काय कळणार?”

विशेष मुलांचे आईवडील हा प्रश्न विचारतात. शाळेतल्या बाई विचारतात. मानसशास्त्र शिकलेली माणसंही विचारतात, फक्त जरा सभ्य शब्दांत. प्रश्नामागचं गृहीतक असं की मनावरचे उपचार हे हुशारीचं काम आहे आणि बुद्ध्यांक कमी असेल तर त्या माणसाच्या वाट्याला गोळी, शिस्त आणि बंद दार एवढंच येऊ शकतं.

ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ मायकेल बेंडर यांनी १९९३ साली एका लेखात या गृहीतकाचा इतिहास मांडला. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी ‘पुढे न केलेल्या खुर्ची’ची प्रतिमा वापरली. ‘यांना उपचाराचा उपयोग होत नाही’ असं उपचारक वर्षानुवर्षं म्हणत आले, पण त्यांना समोर बसवून कुणी पाहिलंच नव्हतं. या वृत्तीला बेंडर यांनी उपचारकांची तुच्छता म्हटलं. शब्द कडक आहे. मला तो योग्य वाटतो.

त्याच्या जोडीला आणखी एक चूक होते. स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ती दाखवून दिली. एखाद्याला बौद्धिक अक्षमता आहे असं कळलं की त्याचं रडणं, चिडणं, रात्ररात्र जागणं, सगळं त्या एकाच खात्यावर लिहिलं जातं. ‘तो तसाच आहे’ म्हटलं की पुढची चौकशी थांबते. वडील गेल्याचं दुःख, दुखणारी दाढ, घरातल्या दुसऱ्या कुणाचा मार, यांपैकी काहीही त्या वाक्याखाली झाकलं जाऊ शकतं. चौकशी थांबली की औषध सुरू होतं. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये अंदाज दिला की तिथे बौद्धिक अक्षमता असलेले ३० ते ३५ हजार प्रौढ योग्य वैद्यकीय कारणाशिवाय मानसिक आजारावरची औषधं घेत आहेत. पुढच्याच वर्षी हा अतिरेक कमी करण्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली.

गोळी कमी करायची तर तिच्या जागी काय द्यायचं? या प्रकरणात त्याचं एक उत्तर पाहू.

२. आधी शब्दांचा घोळ

इंग्लंडमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणतात त्याचा अर्थ आपल्याकडच्या वाचकाला हमखास वेगळा वाटतो. आपल्याला डिस्लेक्सिया आठवतो, अक्षरं उलटी लिहिणारा पण बाकी चलाख मुलगा आठवतो. ब्रिटिश आरोग्यसेवेत मात्र या शब्दाचा अर्थ बौद्धिक अक्षमता असा आहे: साधारण ७० च्या खालचा बुद्ध्यांक, रोजचे व्यवहार सांभाळताना लागणारी मदत, आणि हे सगळं लहानपणापासून असणं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत बौद्धिक अक्षमता व विशिष्ट अध्ययन अक्षमता अशा दोन स्वतंत्र नोंदी आहेत. या प्रकरणात आपण पहिल्या नोंदीतल्या माणसांबद्दल बोलतो आहोत. त्यांना अजून सर्रास ‘मतिमंद’ म्हटलं जातं. तो शब्द मी इथे वापरणार नाही.

दुसरा शब्द ‘डीबीटी’, म्हणजे वर म्हटलेलं ते उत्तर. सरकारी योजनेचे पैसे ज्या डीबीटीने खात्यात येतात, ती ही नव्हे. ही डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी.

३. ढील आणि खेच

या थेरपीच्या जनक मार्शा लिनेहान या सिॲटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ. १९६१ मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, त्या स्वतः कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या, आणि स्वतःला इजा करून घेण्याचं त्यांचं प्रमाण फार होतं. ही गोष्ट त्यांनी जाहीरपणे सांगितली ती २०११ मध्ये, पन्नास वर्षांनी.

मधल्या काळात त्यांनी वारंवार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांसाठी उपचार शोधायला सुरुवात केली. वागणूक बदलायला शिकवलं की त्या स्त्रिया म्हणत, म्हणजे चूक माझीच. नुसतं ऐकून घेतलं, समजून घेतलं, की म्हणत, मग माझं दुखणं थांबणार कधी? पतंग उडवताना नुसती ढील दिली तर तो गोता खातो, नुसता खेचला तर मांजा तुटतो. हाताला दोन्ही यावं लागतं, कधीकधी एकाच क्षणी. ‘तू आत्ता जशी आहेस त्याला कारण आहे’ आणि ‘तुला बदलावं लागेल’ ही दोन वाक्यं एकमेकांना छेद देणारी वाटतात, पण दोन्ही खरी असतात. ‘डायलेक्टिकल’ शब्दाचा इथला अर्थ एवढाच. मराठी वाचकाने तो मार्क्सवादाच्या चर्चेत ‘द्वंद्वात्मक’ म्हणून ऐकलेला असतो, पण इथे तेवढं जड काही नाही.

१९९१ मध्ये या उपचाराची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नाती सतत अस्थिर राहण्याचा विकार, असलेल्या स्त्रियांमध्ये वर्षभरात स्वतःला इजा करण्याचे प्रकार आणि रुग्णालयातले दिवस दोन्ही कमी झाले. १९९३ मध्ये लिनेहान यांचं मूळ पुस्तक आलं.

भावना इतक्या अनावर का होतात, याचं त्यांनी दिलेलं उत्तर नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. काही माणसांचा भावनांचा भडका जन्मतःच लवकर उडतो आणि उशिरा विझतो. असं माणूस जर त्याची भावना सतत खोटी ठरवणाऱ्या वातावरणात वाढलं तर त्या भावनेचं काय करायचं हे ते कधी शिकतच नाही. आपल्याकडे लहान मूल पडलं की आपण म्हणतो, “काही नाही झालं, ती बघ मुंगी मेली!” मूल हसतं, विसरतं. एकदा ठीक आहे. पण गुडघा खरंच फुटलाय आणि वयाच्या तिसाव्या वर्षीही प्रत्येक जण मुंगीच दाखवतोय, असं आयुष्य कल्पून पाहा.

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला असं आयुष्य कल्पावं लागत नाही. “तुला नाही कळणार.” “तू रागावलेली नाहीस, तू दमली आहेस.” “भूक कशी लागेल, आत्ताच तर जेवलास.” त्याच्या वतीने त्याची भावना कायम दुसरंच कुणीतरी ठरवत असतं, बहुतेक वेळा प्रेमानेच.

४. चार कप्पे, चार पाय

डीबीटीत कौशल्यांचे चार कप्पे असतात. एक, सजगता: आत्ता माझ्या आत आणि बाहेर काय चाललंय हे पाहणं. लिनेहान यांनी हे झेन साधनेतून घेतलं. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आलेल्याला त्याची चव ओळखीची वाटेल. दोन, अडचणीचा क्षण निभावणं, म्हणजे आणखी नुकसान न करता लाट ओसरू देणं. तीन, भावनांना वळण लावणं. चार, माणसांशी वागणं: मागणं, नकार देणं, नातं राखणं.

आणि उपचार चार पायांवर उभा असतो: उपचारकाशी एकेकट्याची भेट, कौशल्यांचा साप्ताहिक वर्ग, अडचणीच्या वेळी फोनवर मदत, आणि उपचारकांनी स्वतःसाठी घेतलेली नियमित बैठक. हा शेवटचा पाय अनेकांच्या नजरेतून सुटतो. उपचार करणारा माणूसही थकतो, चिडतो, हात टेकतो, हे या पद्धतीने आधीच मान्य केलं आहे.

५. अडतं कुठे

मूळ वर्ग साधारण अडीच तासांचा. हातात छापील कागद. कौशल्यं लक्षात राहावीत म्हणून इंग्रजी आद्याक्षरांचे शब्द. रोज भरायची भावनांची डायरी. घरचा अभ्यास. वाचता न येणाऱ्या माणसासाठी यांतली प्रत्येक गोष्ट म्हणजे जिन्याची एकेक पायरी आहे, आणि तो माणूस चाकांच्या खुर्चीत आहे.

रॅम्प बांधण्याचं एक महत्त्वाचं काम अमेरिकेत ज्युली ब्राऊन यांनी केलं. त्यांच्या ‘स्किल्स सिस्टिम’मध्ये नऊ कौशल्यं आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक आणि चित्र आहे. नाव आठवलं नाही तर माणूस बोटं दाखवून सांगू शकतो: मला दोन हवं, मला चार हवं. त्याआधी एक मोजपट्टी शिकवतात: भावना शून्य ते पाचपैकी कितीवर आहे? शून्य म्हणजे काहीच नाही. पाच म्हणजे आता मी स्वतःला, दुसऱ्याला किंवा वस्तूंना इजा करेन.

नऊपैकी पहिली पाच कौशल्यं कधीही वापरायची. आत काय चाललंय ते स्पष्ट पाहणं, मनातल्या ऊर्मीला अंगठा वर की खाली हे ठरवणं, योग्य दिशेचं एक पाऊल उचलणं, सुरक्षित जागी जाणं, मन रमेल असं काही करणं. उरलेली चार, म्हणजे प्रश्न सोडवणं, मनातलं सांगणं, हवं ते मिळवणं आणि नातं सांभाळणं, फक्त भावना तीन किंवा त्याखाली असतानाच. कारण आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. दूध वर आल्यावर साखर किती घालायची याची चर्चा कुणी करत नाही, आधी गॅस बंद करतो. पण चारवर पोहोचलेल्या माणसाला आपण विचारतो, “असं का वागलास? नीट सांग!” तो सांगू शकत नाही. मग आपण म्हणतो, याला समजतच नाही.

या पद्धतीतला आणखी एक साधा हिशेब मला फार आवडतो. भावनेचा आकडा जितका, त्याहून एक जास्त कौशल्य वापरायचं. दोनवर आहेस? तीन कौशल्यं. चारवर? पाच. ‘शांत हो’ या दोन शब्दांनी चारवरचं काही खाली येत नाही, हे या हिशेबातून कर्मचाऱ्यांनाही कळतं.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशरच्या रॅम्प्टन या कडेकोट सुरक्षेच्या रुग्णालयात, गुन्ह्यांची पार्श्वभूमी आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही असलेल्या पुरुषांसाठी कॅट्रिन मॉरिसी आणि ब्रिजेट इंगॅमेल्स यांनी डीबीटीचं रूपांतर केलं. त्यातून २०१४ मध्ये ‘आय कॅन फील गुड’ ही शिकवण्याची पुस्तिका निघाली. अशा रूपांतरित वर्गांत तास लहान असतो, मध्ये चहा असतो, एकच गोष्ट अनेक आठवडे घोळवली जाते, आणि समजावून सांगण्यापेक्षा करून दाखवण्यावर भर असतो. सजगता म्हणजे काय याची व्याख्या कुणी देत नाही. घंटी वाजवायची आणि नाद पूर्ण विरल्यावर हात वर करायचा. देवळात घंटा वाजवून क्षणभर थांबलेल्या माणसाने तो नाद ऐकलेला असतो. एवढंच शिकवायचं असतं.

डायरीच्या जागी चेहऱ्यांची चित्रं येतात आणि ती रात्री मदतनीसाबरोबर बसून भरतात. फोनवरच्या मदतीची जागा त्याच घरातला मदतनीस घेतो.

एक गोष्ट वैद्यकीय काळजीची. मूळ डीबीटीत तीव्र क्षणी चेहरा थंडगार पाण्यात बुडवण्याचं तंत्र आहे. त्याने हृदयाची गती मंदावते आणि शरीर शांत होतं. पण डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतःच हृदयदोष असतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तंत्र शिकवू नये. रूपांतर म्हणजे नुसती भाषा सोपी करणं, असं समजणाऱ्याच्या हातून अशा जागा सुटतात.

६. एक कप फुटतो

आता एक प्रसंग. कल्पित आहे, पण या क्षेत्रात काम केलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

समजा, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात चार जणांचं निवासगृह आहे. तिथे चौतीस वर्षांची जेन राहते. एका सकाळी ती कप भिंतीवर फेकते आणि डोकं आपटून घेते. नोंदवहीत ओळ पडते: ‘कारण नसताना आक्रमक झाली.’

डीबीटीत अशा प्रसंगानंतर साखळी मांडतात. म्हणजे घटनेच्या मागची एकेक कडी शोधायची. जेनबरोबर हे चित्रांच्या कार्डांनी केलं, एकामागे एक उभ्या केलेल्या डॉमिनोंसारखं.

रात्री तिचा कान दुखत होता. झोप लागली नाही. सकाळी ती फळ्यापाशी गेली, जिथे आज कामावर कोण आहे त्यांचे फोटो लावतात. सूझनचा फोटो नव्हता. तिने विचारलं. उत्तर आलं, “सूझन आता येणार नाही. काळजी करू नकोस, नवीन ताई छान आहे.” जेनच्या मनात आलं, मी सूझनला आवडत नाही. पोटात गोळा आला. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर, “सांगितलं ना एकदा!” मग कप. मग धावपळ, दोन जण जवळ, गोड शब्द, चॉकलेट. आणि संध्याकाळी, शिक्षा म्हणून, फिरायला जाणं रद्द.

कार्डं टेबलावर मांडल्यावर विचारायचं, कोणती कडी तोडता आली असती? पोटातला गोळा आणि कप यांच्यामधली कडी जेनची आहे. तिथे ती शिकू शकते: हा चार आहे, अंगठा खाली, बागेतल्या बाकावर जायचं, हेडफोन लावायचे. हे तिला जमेल. वेळ लागेल, पण जमेल.

पण बाकीच्या कड्या मोजा. कान कुणी तपासला नाही. सूझन जाणार हे घरातल्या सगळ्यांना पंधरा दिवस आधी माहीत होतं, जेन सोडून. निरोप झाला नाही. दुःख सांगितल्यावर मुंगी दाखवली गेली. एरवी बोलायला न येणारी माणसं कप फुटल्यावर मात्र धावत आली, म्हणजे कप फोडला की लक्ष मिळतं हेही शिकवून झालं. साखळीतल्या बहुतेक कड्या जेनच्या हातात नाहीत. त्या निवासगृहाच्या हातात आहेत.

म्हणून मला वाटतं, बौद्धिक अक्षमतेच्या सेवांमध्ये डीबीटी आणायची तर वर्ग सगळ्यात आधी कर्मचाऱ्यांचा घ्यावा.

७. सेवेत आणायचं म्हणजे काय

इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांसाठी भागाभागांत सामुदायिक चमू असतात: मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, मनोविकारतज्ज्ञ, वाचा आणि भाषातज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. त्यांतले दोघे-तिघे डीबीटीचं प्रशिक्षण घेऊन येतात आणि उत्साहाने वर्ग सुरू करतात. आठवड्यातला दीड तास उत्तम जातो. उरलेले १६६ तास आणि तीस मिनिटं ती व्यक्ती अशा घरात घालवते जिथे शून्य ते पाच म्हणजे काय हे कुणालाच माहीत नाही. पाळ्या बदलतात, माणसं नोकरी सोडतात, एजन्सीचा नवा चेहरा येतो. वर्गात शिकलेलं वर्गातच राहतं.

यावर उपाय म्हणजे मदतनीसाने वर्गात बसायचं, आणि राखणदार म्हणून भिंतीला टेकून बसायचं नाही. त्याने स्वतःचा आकडा सांगायचा. स्वतःचं उदाहरण द्यायचं. व्यवस्थापकाने त्यासाठी पाळीचे तास मोकळे करून द्यायचे, आणि ही गोष्ट प्रशिक्षणाच्या खर्चापेक्षा अवघड असते. नोंदवहीतले ‘कारण नसताना’ हे शब्द बंद करून तिथे साखळी लिहायची. उपचारकांची आपापसातली बैठक आठवडा भरगच्च असला तरी रद्द करायची नाही.

२०१० च्या ब्रिटिश समानता कायद्याने दिव्यांग माणसासाठी सेवेत वाजवी फेरबदल करणं बंधनकारक केलं आहे. आपल्या २०१६ च्या कायद्यातही अशीच कल्पना आहे. रॅम्प आणि लिफ्टच्या बाबतीत ती आपल्याला पटकन कळते. मानसोपचाराचा कागद चित्रांत असणं हाही तोच हक्क आहे.

८. दोन धोके

पहिला धोका कौशल्याचा दंडुका होण्याचा. “जा, तुझं स्किल वापर!” हे वाक्य अशा घरांत लवकर रुजतं. पूर्वीच्या “गप्प बस”ची जागा ते घेतं आणि त्याला उपचाराचा मुलामा मिळतो.

दुसरा धोका त्याहून खोल आहे. डीबीटी सोसायला शिकवते, जे बदलता येत नाही ते स्वीकारायला शिकवते. मोठं शिक्षण आहे ते. पण ज्या माणसाला कधी झोपायचं, कुणाबरोबर राहायचं, काय खायचं हे काहीच ठरवता येत नाही, त्याला सोसण्याचा धडा देण्यापूर्वी विचारायला हवं की हे खरंच सोसण्याजोगं आहे का. २०११ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयात छुपा कॅमेरा नेला, तेव्हा बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांना कर्मचारी मारताना आणि छळताना देशाने पाहिलं. रुग्णालय बंद झालं, अकरा जणांना न्यायालयाने शिक्षा सुनावली. तिथल्या रुग्णांना श्वासावर लक्ष ठेवायला कुणी शिकवलं असतं तर तो अत्याचारात सहभागच झाला असता. म्हणून माझ्या मते अशा वर्गात तक्रार कशी करायची हे कौशल्य पहिल्या महिन्यात शिकवावं, शेवटच्या नव्हे.

९. उपयोग होतो का?

आशादायक आहे, पण पुरावा अजून लहान गटांचा आहे. ज्युली ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ४० प्रौढांचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धोकादायक वर्तन स्पष्टपणे कमी झालं होतं. पण तुलनेसाठी उपचार न मिळालेला दुसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय डीबीटीचंच असं म्हणता येत नाही. न्यूझीलंडमधल्या आणि रॅम्प्टनमधल्या अभ्यासांतले गट तर याहूनही छोटे आहेत. कुणी पालकांना हमी देत असेल तर त्याने ती देऊ नये. प्रयत्न न करण्यामागे मात्र यातलं एकही कारण पुरेसं नाही.

जेनच्या घरी परत जाऊ. समजा, वर्ग सुरू होऊन आठ महिने झाले आहेत. फळ्यावर फोटोंच्या खाली आता आकडे लिहायची जागा आहे, आणि नियम असा की आकडा कर्मचाऱ्यांनीही लिहायचा. एका सकाळी मार्क नावाचा मदतनीस रात्रपाळी संपवून स्वतःच्या फोटोखाली ३ लिहितो आणि चहा करायला आत जातो. जेन फळ्यापुढे बराच वेळ उभी राहते. तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. मग ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारते, “मार्क, तुझा कान दुखतोय का?”